पणजीचं माहेरचं आडनाव

सुनेची पणजी फ्रेंच. पुद्दुचेरीच्या कचेरीत तिची नोंद आम्ही दोघी सकाळपासून पणजोबांच्या आडनावाखाली शोधत होतो. शेवटी म्हातारे कारकून म्हणाले, "माहेरचं आडनाव सांगा. फ्रेंच दप्तरात बाई मरेपर्यंत त्याच नावाने राहते." सुनेने ते सांगितलं आणि पणजी भेटली. जन्म, लग्न, मृत्यू, सगळीकडे तेच नाव. सून त्यावरून हळूच बोट फिरवत राहिली.

मला आई आठवली. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांत तिचं नवं नाव लिहिलं, त्यानंतर जुनं कुठल्याच कागदावर आलं नाही. फक्त मामा तिला शेवटपर्यंत कुसुम म्हणायचा.

निघताना मी कारकुनांना हात जोडले. त्यातला अर्धा नमस्कार मामाला होता.