पूजेतला संगणक

आमची सून चेतना हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. डोक्यावर बसेल. पुण्यातली कंपनी सोडून ती सोलापुरात घरूनच सॉफ्टवेअर करायला लागली, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. आता मात्र माझाच जीव टांगणीला लागला होता. हे पहिलं मोठं काम फसलं, तर ती जुन्या नोकरीवर परत जाणार होती. सोबत वरद आणि काव्या, म्हणजे माझा मुलगा नि नातही. मागे उरणार मी आणि बायको शकुंतला.

काम शंकरप्पांच्या टॉवेलच्या कारखान्याचं. नक्षी संगणकावर काढायची, मग त्याला जोडलेलं मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना तशी भोकं पाडतं आणि ती कार्डं मागावर चढतात. चेतनानं प्रोग्राम लिहिला. आपण लिहिलेलं संगणकाला चालेल असं करून देतो तो कंपायलर, एवढं मलाही आता कळतं. तो निवडायला तिनं इंटरनेट पालथं घातलं आणि सगळ्यात नवा घेतला. घरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम झकास चालला.

कारखान्यात तो उघडेचना. शंकरप्पांनी तिला ऑफिसातल्या नव्या संगणकापुढे बसवलंच नव्हतं, बसवलं कोपऱ्यातल्या जुनाट डब्यापुढे. खंडेनवमीला तिनं तो पाहिला होता, हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला. आमच्याकडे कारखान्यातला पहिला माग मोडीत न काढता पूजेला ठेवतात. तिला वाटलं होतं, हाही तसाच रिटायर झालेला, माझ्यासारखा.

"काका, हा बदलूनच टाकू या ना."

"आवो ताई, कार्डाचं मशीन ह्याचंच ऐकतंय की! दुसरा जोडला तर गप बसतंय. शनिवारपत्तूर ह्याच्यावर चालवा, न्हायतर मी इचलकरंजीचा माणूस बोलावतो."

घरी आल्यावर ती धड जेवलीही नाही. "कंपायलर कुठला चांगला, हे जगाला विचारत बसले, बाबा. प्रोग्राम चालणार कशावर, हे विचारलंच नाही."

मला बोलायची आयती संधी होती. पण तिचा चेहरा बघून मी जीभ आवरली.

मग तिनं दुसरा कंपायलर शोधला. फुकटातला, फॅशनमधून गेलेला, पण जुन्या संगणकालाही चालेल असा प्रोग्राम बनवून देणारा. नव्या कंपायलरच्या भरवशावर केलेले सगळे चोचले काढून टाकावे लागले, कितीतरी भाग पुन्हा लिहावा लागला. मी काव्याला बागेत फिरवून आणायचो, आणि तिथंही माझं लक्ष नसायचं.

शनिवारी दुपारी फोन आला. आधी नुसतीच खटखट ऐकू आली, मग शंकरप्पांचा आवाज, "पडली की वो भोकं! लई बेस!"

मागोमाग चेतना म्हणाली, "बाबा, पुण्याला नाही म्हणून कळवते आता."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"काही विशेष नाही," मी ऐटीत शकुंतलेला सांगितलं. "चाललं म्हणे तिचं ते. चहा टाक."

"टाकते. पण अहो, आधी डोळे पुसा."