सागवानी लातूर जिल्हा

लातूर जिल्हा सरकारनं केला, असं पुस्तकात छापलंय. छापू द्या. लातूर जिल्हा माझ्या वडिलांचे दोस्त असलेल्या सुतारचाचांनी केला, आणि तो किनवटच्या अस्सल सागाचा होता.

चाचा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर टिचकी मारायचे, मग माणसांना सलाम. माझ्या साखरपुड्याला आले, मांडवाचा खांब हलवून बघितला आणि वडिलांना म्हणाले, "जेवणं लौकर उरका." दुष्काळात आमच्याकडचे बैल गेले, गाड्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या. चाचांनी घरोघर फिरून त्यांची चाकं मागून आणली. "बैल न्हाई तर न्हाई, उतार हाय की," म्हणत लाकडी रूळ टाकले, एक उंचवटा केला. गाडी दोरीनं वर ओढायची आणि द्यायची सोडून. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माझी आई तीत बसली आणि त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसली. म्हणून चाचांच्या घसरगाडीला कुणी नावं ठेवलेली मला आजही खपत नाही.

पुढं उस्मानाबादातून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि चाचांच्या अंगात आलं. जत्रेसाठी त्यांनी घसरगाडी नव्यानं बांधली. आता उंचवटे दोन. पहिल्यावर पाटी उस्मानाबादची, दुसऱ्यावर लातूरची, आणि लातूर चांगलं हातभर उंच. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. तोंडावर सांगितलं, "चाचा, दुसरा चढ पहिल्यापेक्षा उंच असला तर गाडी चढायची नाही."

"का रे बी.एस्सी., तुझ्या कालेजात सगळे उस्मानाबादवाले शिकवतेत का?"

गाडी लातूरच्या निम्म्यात जायची, जरा विचार करायची आणि मागं यायची. चाचांनी चाकांना तेल पाजलं, गाडीला दमात घेतलं, शेवटी वजन कमी करायला मलाच गाडीतून उतरवून बघितलं. जत्रेच्या पंचांनी निरोप धाडला, संध्याकाळपर्यंत चालली नाही तर सामान उचला. चाचांचं आता वय झालं होतं. एकदा घसरगाडी मोडली की ती पुन्हा उभी राहणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. तरी लातूर कापायचं नाव काढू देईनात. "आत्ता कुठं जल्मलंय, लगेच छाटू?"

डबा घेऊन आलेल्या चाची सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "लातूरला हात नका लावू. उस्मानाबाद चढवा. तुमच्या अब्बांचं गाव हाय ते. पोरापेक्षा बाप जरा उंच ऱ्हायला तर काय इज्जत जाती?"

चाचा डबा न उघडताच उठले. दुपारभर आम्ही उस्मानाबादच्या खाली ठोकळे सारत होतो.

ऊन कलल्यावर पहिल्या फेरीला त्यांनी मला शेजारी बसवलं. "पडलो तर दोघं पडू. शिकलेला माणूस संगं असला म्हंजी बरं." उस्मानाबादवरून गाडी सुटली आणि लातूरच्या माथ्यावर ती अलगद येऊन पोचली. खाली लोक शिट्ट्या मारत होते. ज्यासाठी एवढा हट्ट केला, त्या लातूरकडे चाचांचं लक्षच नव्हतं. ते मागं वळून उस्मानाबादकडे बघत होते.

"केवढं उंच दिसतंय रे ते," म्हणाले.

गाडी पुढच्या उताराला लागली तरी त्यांची मान मागंच होती.