बियाण्याची ओटी

सुमनकाकू गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. त्यांचा मुलगा विलास बोलत होता. मिळेल ती एसटी धरून लोणार गाठलं, तिथून गावात पोहोचलो. दुपारी बाराच्या आत सगळं उरकलं होतं, आणि तीन वाजता गावातल्या अठरा बायका आंघोळी करून मिरचीच्या नेटमध्ये उभ्या होत्या. गावात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘फुलाले सुतक नसते’ हे वाक्य काकूंचंच. स्वतःचा दीर वारला त्या दुपारी त्या तसं म्हणाल्या होत्या आणि चिमटा घेऊन कामाला लागल्या होत्या.

नेट म्हणजे पांढऱ्या जाळीची मोठी शेड. गावात अशी तीन आहेत, आणि तिन्हींमध्ये मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. नर आणि मादी वाणांचं बी हॉलंडहून येतं, दोघांचा संकर इथे होतो आणि तयार बियाणं पुन्हा हॉलंडला जातं. मधलं सगळं काम बायकांच्या बोटांचं. उद्या उमलणारी कळी दुपारीच चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग भरलेली अंगठी बोटात घालून त्या फुलाला पराग लावायचे आणि देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. एक दिवस चुकला की त्या दिवसाची फुलं हातची गेली. काकू या कामावरच्या मुकादम होत्या. शाळा चौथीपर्यंत. दाराशी लाकडी स्टूल टाकून त्या बसत आणि तिथून त्यांना शेवटच्या ओळीतला न बांधलेला धागासुद्धा दिसे. “काऊन वं शांते, त्या फुलाचं लगन बिनमंगळसूत्राचंच लावलं काय?” असा आवाज आला की सगळ्या ओळी हसत आणि शांता पळत मागे जाई.

हंगामात एकदा हॉलंडच्या कंपनीचा तपासनीस येई. उंच, लाजाळू माणूस, नाव यान. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा जानराव केला. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकात वार्ताहर होतो, गावचाच असल्यामुळे दुभाष्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जानराव झाडांवर बोलायचा, काकू त्याच्या तब्येतीवर. “विचार त्याले, घरी जेवाले भेटते का नाही,” असं त्या सांगत आणि उत्तर येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसत.

सहा वर्षांपूर्वी तिकडून एक ईमेल आला. कंपनीशी करार विलासच्या नावावर होता, त्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सीलबंद पिशवीत तांदळाचे अकरा दाणे सापडले होते. खुलासा मिळेपर्यंत माल अडवून ठेवला होता आणि पुढच्या हंगामाचं नर-मादी बी पाठवायचं की नाही, तेही त्या खुलाशावर ठरणार होतं. बी आलं नसतं तर तिन्ही नेट रिकामी राहिली असती आणि अठरा घरांचा हंगाम बुडाला असता. विलास संतापला. चाळणी कुणी केली, पोतं कुठलं वापरलं, डबा कुणी उघडा ठेवला, असं त्याने एकेकीला विचारायला सुरुवात केली. शांता रडायला लागली... तेव्हा स्टुलावरून काकू म्हणाल्या, “तिले नको बोलू बे. म्या टाकले.”

चाळणी झाली होती, वजन झालं होतं. पिशवीचं तोंड शिवायच्या आधी काकूंनी चिमूटभर तांदूळ आत सोडले होते. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात. हे बी तर सातासमुद्रापार निघालं होतं, त्याला रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं? विलास डोक्याला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर जानराव आणि त्याच्या शेजारी त्याची वरिष्ठ, साहेबीण. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाल्या, “सांग भाऊ त्याले. लपवू नको काही.” मी बातमी सांगावी तसं सांगितलं: मुलगी, सासर, ओटी, तांदूळ. मग साहेबीणबाईंनी विचारलं, दर वर्षी टाकता का? माझं भाषांतर पुरतं व्हायच्या आत काकूंना प्रश्न कळला होता. “हाव, मंग! मागल्या सालीबी टाकले होते. तवा सापडले नाहीत, तर चाळणी तुमची खराब.” हे भाषांतरित करावं की नाही, या विचारात मी थांबलो. काकूंनी माझा दंड धरून हलवला. केलं. जानराव आधी हसला, मग साहेबीणबाई.

माल पुन्हा चाळून घेतला गेला. बी वेळेवर आलं. करारात एक नवी ओळ मात्र वाढली: पिशवीत धान्य, फुले, हळद-कुंकू किंवा तत्सम काहीही टाकू नये. ती ओळ काकूंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. “माह्यासाठी खास लिवली,” असं त्या पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पुढच्या हंगामात जानराव आला तो खिशात एक छोटी काचेची बाटली घेऊन. आत तांदळाचे अकरा दाणे. तुमची वस्तू आमच्याकडे राहिली होती, असं म्हणत त्याने ती आदबीने पुढे केली. काकू ताडकन उठल्या. “अरे बाप्पा! ओटी वापस आणते काय बे जानराव? लेक नांदवाची नाही काय तुले?” मी अर्थ सांगितला तसा तो कानापर्यंत लाल झाला. काकूंनी त्याला शर्टाचा घोळ पुढे धरायला लावला, घरून मूठभर तांदूळ आणि नारळ मागवला आणि अठरा बायकांच्या देखत त्या सहा फुटी माणसाची ओटी भरली. नारळ त्याने जाताना ड्रायव्हरला दिला. बाटली परत खिशात घातली. ती आता त्याच्या टेबलावर असते, असं त्याने गेल्या महिन्यात विलासला पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्रात लिहिलं आहे.

त्या प्रकरणापासून काकूंनी एक शिस्त घातली. पिशवी शिवायच्या वेळी जवळ येणाऱ्या प्रत्येकीने हात झाडायचे आणि दोन्ही तळवे काकूंना दाखवायचे. त्या चष्मा वर करून बोटांच्या बेचक्या बघत, मग मान हलवत. ओटीचे तांदूळ आता पिशवीत नाही, पिशवी निघताना जीपच्या बॉनेटवर वाहायचे. जानरावलाही तळवे दाखवावे लागत, मलाही.

परवा या हंगामाचा पहिला माल निघाला. विलासच्या बायकोने, ताराने, वाटीत तांदूळ आणून जीपपाशी ठेवले. नेटच्या दाराशी स्टूल होतं तिथेच होतं, त्यावर लाल लोकरीचा गुंडा. सुई-दोरा आला, पिशवीचं तोंड धरलं गेलं, पण शिवायला कुणी पुढे होईना. मग शांताने हात झाडले, स्टुलासमोर जाऊन दोन्ही तळवे पुढे केले आणि म्हणाली, “पाहा काकू, एकबी दाणा नाही.” तिच्यामागे दुसरी उभी राहिली, मग तिसरी. हसत हसत रांग लागली.

शेवटी मीही हात झाडून तळवे दाखवले. त्यानंतरच पिशवी शिवली गेली.