माळ्यावरचा घाट

युसुफचाचा गेल्याची बातमी आली तेव्हा मी कापडे गावाच्या वरच्या वाडीत पत्रकं वाटत होते. दरडीखाली राहणाऱ्यांना पक्की जागा मिळाली पाहिजे, असं त्या पत्रकात होतं, आणि एक आजोबा मला विचारत होते की या कागदानं डोंगर थांबतो काय. तेवढ्यात शबानाभाभींचा, म्हणजे चाचांच्या सुनेचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... एवढंच त्या बोलल्या. मिळेल त्या गाडीनं पोलादपूर, तिथून महाड. पोचले तोवर आमच्या गल्लीतले पुरुष कबरस्तानाकडं निघून गेले होते. घरात बायका बसल्या होत्या, पोरं कुठंच दिसेनात. ती माळ्यावर होती. तो माळा इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता.

चाचांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. आंबेनळीच्या घाटानं वर माल न्यायचा, वरून माल आणायचा. गुडघे गेले तेव्हा ट्रक विकला, पण त्याचं स्टिअरिंग, सीट, मागचा फाळका आणि ताडपत्री ठेवून घेतली. का, विचारलं तर म्हणायचे, तेवढा तरी माझा. माझं नि त्यांचं नातं मुख्यतः भांडणाचं. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, मी कायम पत्रकवाली. मीही त्यांना कधी सोडलं नाही. गल्लीतल्या पोरांना खेळायला मैदान मिळावं म्हणून मी सह्या गोळा करत होते, आणि नेमके तेव्हाच चाचा म्हणाले, माळा देतो पोरांना.

महाडमध्ये माळा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडं माळा ही पुराची जागा. पावसाळा लागला की तो रिकामा करायचा, आणि नदी चढायला लागली की गाद्या, धान्य, सिलिंडर, टीव्ही, म्हातारी माणसं, सगळं वर. ज्याचा माळा उंच, त्याच्याकडं शेजाऱ्यांचंही सामान जातं. त्यासाठी कुणी विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही. चाचांचा माळा गल्लीत सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांत अर्धवट. गिलावा न केलेल्या विटा, वर पत्रे, खाली फळ्या. आखातातल्या मुलानं पैसे पाठवायचे आणि मग तो पुरा करायचा, असं बरीच वर्षं चाललं होतं. मोठ्या पुरात पाणी खालच्या खोलीतल्या पंख्याला लागलं, तेव्हा गल्लीतली सगळी लहान पोरं त्याच माळ्यावर ठेवली होती.

तोच माळा चाचा पोरांना देणार म्हटल्यावर मी तडकले. म्हटलं, चाचा, तुम्ही माळा दिलात की साहेब लोक म्हणणार पोरांची सोय झाली, आता मैदान कशाला? त्यांचं काम तुम्ही फुकटात करून देताय.

"तुझं मैदान येल तवा येल गो पत्रकवाले," चाचा म्हणाले. "तवर ही पोरं लग्नाची होतील."

आणि लागले कामाला. विकत काही आणायचं नाही, हे ठरलेलंच होतं. कुणाच्या घरचा उरलेला रंग आणला, तो विटांवर जसा पुरला तसा लावला, म्हणून एक भिंत अर्धी हिरवी आणि अर्धी पिस्त्याच्या बर्फीसारखी. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचे ठोकळे झाले. कापड्याहून मी भाताचा पेंढा आणून दिला, तो पोत्यांत भरून गाद्या शिवल्या (हो, भांडत भांडत मदत केली). आणि ट्रकच्या फाळक्याच्या पत्र्याची घसरगुंडी करून ती त्यांनी थेट जिन्यावर बसवली. पोरं खूश, चाचा त्यांच्याहून खूश. संध्याकाळी समोरच्या पवारकाकू पदर खोचून आल्या. "काय चाचा, पाणी आलं की सिलिंडर या घसरगुंडीवरनं चढवू? का तुम्ही खाली बसून ढकलणार?" जिन्याखाली उभ्या बायका हसायला लागल्या. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. महाडचा माणूस, आणि पुराचा जिना विसरला! दुसऱ्या दिवशी घसरगुंडी निघाली.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला मात्र मी मान दिला, मनातल्या मनात. ट्रकची ताडपत्री माळ्यावर अंथरली आणि पेट्या, गाद्या, टायर, सगळा खेळ तिच्यावर मांडला. तिच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधले, वाशांना कप्प्या लावल्या आणि दोरांची टोकं एकत्र करून एक जाड दोर केला. तो ओढला की ताडपत्रीचं गाठोडं होऊन अख्खा खेळ पत्र्याखाली जाऊन लटकायचा आणि फळ्या रिकाम्या. एकट्या पोराला तो ओढवत नसे, सगळ्यांनी मिळून ओढावा लागे. स्टिअरिंग तेवढं खिडकीखाली पक्कं ठोकलेलं, समोर ट्रकची सीट.

खेळता खेळता चाचा मधेच खालून ओरडायचे, पाणी आलं! पोरं हातातलं टाकून दोराला लटकायची. गाठोडं वर गेलं की रिकाम्या फळ्यांवर बसून सगळ्यांनी मिळून आंबेनळी चढायची. एकानं स्टिअरिंगवर, बाकीच्यांनी वळणाला झुकायचं. हॉर्न तोंडानं. चाचांचा नियम एकच : चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. कितीही घाई असो, कुणीही असो. घाटातला शिरस्ता आहे तो. पण हा घाट पाणी आल्याशिवाय मिळत नसे, त्यामुळे पोरंच त्यांच्या मागं लागायची, चाचा, आणा ना पाणी.

मला हे अजिबात पटलं नाही. ज्या पोरांनी पूर बघितला त्यांना पुराचाच खेळ? हा काय तमाशा आहे, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. चाचा टायरला दोर गुंडाळत होते. हात न थांबवता बोलले.

"तू त्या दिवशी पोलादपूरला अडकलेली. मी हितं व्हतो. झोया माझा सदरा सोडत नव्हती. त्याच्यानंतर एक पोर हा जिना चढत नव्हतं, लपाछपीत पण नाय." मग गाठ आवळत म्हणाले, "पाणी तर परत येणारच हाय... तवा रडत नको चढायला त्यांनी."

झोया म्हणजे त्यांची नात. मी खाली बसून दोराचं दुसरं टोक धरलं. मैदानाची मागणी मी सोडलेली नाही, हे इथंही लिहून ठेवते. पूर आला की लोकांनी आपापले माळे बघावेत, ही काही व्यवस्था नाही, आणि एका म्हाताऱ्याच्या चांगुलपणावर शहर चालवू नये. हे मी चाचांनाही ऐकवलं होतं. ते म्हणाले, छाप पत्रक, मी पण वाटतो. आणि खरंच गुडघे धरत बाजारात वाटून आले.

ते गेले त्या दिवसानंतर मात्र पोरं माळ्यावर जाईनाशी झाली. खालून ओरडणारं कुणी नव्हतं. शबानाभाभी सांगत होत्या, झोया जिन्यापाशी येते, वर बघते आणि परत फिरते. म्हणजे चाचांनी जी भीती पुसली होती, तीच परत उमटतेय की काय?

जुलैत, भर दुपारी, नदी चढल्याचा भोंगा झाला. गल्लीत धावपळ. चाचांच्या दारात सामान यायला लागलं, पोरं जिन्याच्या तोंडाशी घोळक्यानं उभी, आणि कुणी पहिली पायरी चढेना. मी हाताला धरून ओढणार होते. तेवढ्यात झोया ओरडली, "पाणी आलं!" आजोबांसारखंच, शेवटचं अक्षर लांबवून. आणि पळत सुटली वर. तिच्यामागं सगळी. वरून दोर घासल्याचा आवाज आला, कप्प्या कुरकुरल्या, आणि मग ओळखीचं भांडण : आज गाडी कोण चालवणार.

पाणी त्या दिवशी उंबऱ्याला लागून परत फिरलं. पण ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी आणि पवारकाकू सिलिंडर धरून जिना चढत होतो, धापा टाकत. वर पोहोचलो तर सगळी पोरं वळणाला झुकलेली, अख्खा घाट भरात. स्टिअरिंगवर झोया. तिनं आम्हाला पाहिलं आणि ब्रेक दाबला, ट्रकला नसलेला.

"थांबा रे," ती मागच्यांना म्हणाली. "चढती गाडी हाय."

पोरं भिंतीला सरकली. आम्ही सिलिंडर कोपऱ्यात टेकवला. मग तिनं तोंडानं दोनदा हॉर्न दिला आणि चाचांच्या सीटवर नीट सरकून बसत स्टिअरिंग फिरवलं.