आत्याची कुंची

बाळाला कुंची आत्याने आणायची असते, आणि मी ती आणली नव्हती.

आणली नव्हती म्हणजे शिवलीच नव्हती! भावजयीच्या आईला, म्हणजे मावशींना, तीन महिने फोनवर ऐकवत होते, "विकतची कुंची? शी! आमच्याकडे हातचीच लागते." (मला साधं बटण लावता येत नाही.) बारशाच्या दिवशी सौदीतल्या जिझानहून घाट चढून खमीस मुशैतला भावाच्या घरी पोचले, ती रिकाम्या हातांनी.

"सुनंदा, कुंची कुठाय?" मावशींनी दारातच गाठलं. चहा नाही, पाणी नाही!

"आणते की, बॅगेत आहे," म्हणत मी आतल्या खोलीत पळाले. पलंगावर पाहुण्यांच्या शाली, अबाया आणि आहेराची खोकी यांचा ढीग. आणि त्यावर, देव पावला, चक्क कुंची! निळीशार लोकरी बनात, कडेला रंगीत फितींची नक्षी, मण्यांची फुलं, टोकाला दोन पिसं. कुणाचा तरी आहेर असणार, त्या माणसाला मागाहून गाठू, असं ठरवून मी ती बाळाला घातली. बाळ दिसेनासं झालं.

"केवढी ही!" मावशी.

"वाढत्या अंगाची शिवलीय."

"आणि पिसं कशाला गं?"

"दृष्ट लागू नये म्हणून!"

 विकतची झबली आणणाऱ्या बायकांकडे मी अशी काही नजर टाकली की दोघींनी आपली खोकी पदराआड घेतली.

तेवढ्यात समीर, माझा डॉक्टर भाऊ, त्याच्या हॉस्पिटलातल्या, मघाच आलेल्या जोॲन नर्सला बाळ दाखवायला घेऊन आला. ती कॅनडातल्या ओजिब्वा जमातीची. "बघ जोॲन, आमच्या ताईनं हातानं शिवलीय!"

जोॲन पाळण्यात वाकली. बाळ एक पीस चोखत होतं.

"नवल आहे," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "माझ्या आईनं थंडीसाठी मला अगदी अश्शीच शिवली होती. आतून माझं नाव आहे."

मावशी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी कुंची तिथल्या तिथे उलटी केली. पांढऱ्या मण्यांत ठसठशीत नाव, आणि ते सुनंदा नव्हतं!

"आई गेली. तिच्या हातचं एवढंच राहिलंय," जोॲन ओलं पीस पुसत म्हणाली. ती रागावली नाही, उलट बाळाचा पापा घेतला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून माफी मागितली. नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. मावशींनी ती रीत मनापासून पाळली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी, "हातची म्हणजे काय ते दाखवते तुला," म्हणत जुन्या साडीची कुंची स्वतः शिवायला घेतली. ती अशी झाली की टोक डाव्या कानावर आलं आणि बाळाचं नाक झाकलं गेलं.

आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या ती कौतुकानं दाखवतात आणि सांगतात, "आत्यानं शिवलीय हो!"

आणि मी मान डोलावते.