ऐकणारे परातेजी

परातेजींनी कुणाला ‘वाहवा’ म्हटल्याचं मला आठवत नाही. गाणं संपून लोक पांगले की ते हळूच कलाकाराजवळ जात आणि विचारत, “जेवले का गा?” उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असायचं. मग तो माणूस आपलं डफ-तुणतुणं घेऊन त्यांच्यामागून सक्करदऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी येई. वहिनी कपाळाला हात लावत, “आज अजून कोणाले आणलं बाई!” म्हणत, आणि भाकरी टाकायला बसत.

“टाळ्या सारेच देते भाऊ,” परातेजी मला सांगत, “पण आवाज निंगते तो पोटातूनच ना?”

आम्ही शेजारी, आणि कळमेश्वरच्या एकाच कारखान्यात कामाला. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा परातेजी यंत्रांवर आले. पाळी संपून बसमध्ये बसलं की आम्ही सगळे माना टाकायचो. परातेजी मात्र कंडक्टरला विचारत राहत, कुठल्या गावी मंडईची जत्रा आहे, कुठं खडी गंमत आहे. खडी गंमत म्हणजे उभ्यानं रंगणारा आमच्याकडचा तमाशा. दिवाळीनंतरच्या मंडईत भर दुपारी ती चाले आणि परातेजी धुळीत मांडी घालून, डोळे मिटून बसत. मीही कधीमधी जाई. अर्ध्यातच पाठ धरायची.

“थकत नाही का हो तुम्ही?” मी एकदा विचारलं.

“थकतो ना. थकल्या माणसालेच गाणं लागते. ताजा माणूस गाण्यात बी आपलीच गोष्ट सांगत बसते.”

त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता तो उमरेडकडच्या सोनबावर. सोनबा चिकारा वाजवी. गजानं वाजवायचं हे वाद्य, सारंगीच्या धाकट्या भावासारखं. आवाज बारीक, रडून दमलेल्या पोरासारखा. वाजवणारे फार थोडे उरले होते. शहरात आला की सोनबा परातेजींकडे उतरे आणि फक्त त्यांच्यासाठी वाजवी.

पुढं परातेजी मंडईत अगदी पुढं जाऊन बसू लागले. बोललेलं पुन्हा विचारू लागले. “लोकं आजकाल हळू बोलून राहिले,” म्हणत. यंत्रांच्या धडधडीनं की वयानं, कोण जाणे. थकवा असेल, असं आम्ही धरून चाललो.

एका रविवारी दुपारी सोनबा आला. मीही तिथंच होतो. त्यानं चिकारा खांद्याला लावला आणि वाजवायला लागला. त्या दिवशी तो इतका सुरेख वाजवत होता, की मी पाठीचं दुखणं विसरलो. परातेजी डोळे उघडे ठेवून त्याच्या गजाकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “काहून गा सोनबा, तारच लावून राहिला काय अजून?”

गज थांबला. वहिनींनी दारातच तोंडाला पदर लावला. सोनबानं माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग परातेजींच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “हो जी. हवा ओली हाये. लावून राहिलो.” आणि खाली मान घालून तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. परातेजी शांतपणे गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसले.

सोनबानं चिकारा खाली ठेवला आणि पुन्हा त्यांच्या कानाशी वाकला. “आज काही जमत नाही जी. तार दगा देऊन राहिली.”

परातेजी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सोनबाचे डोळे भरले होते. परातेजी म्हणाले, “तुह्या तारेले काही झालं नाही, सोनबा.”

त्यानंतर त्यांनी कंडक्टरला काही विचारलं नाही. आमच्यासारखेच तेही बसमध्ये मान टाकून झोपू लागले. सोनबाही यायचा कमी झाला.

परातेजी कामावरून निवृत्त झाले त्यानंतरच्या उन्हाळ्यात सोनबा गेल्याचं कळलं. त्याच्या घरात चिकारा कुणी शिकलं नव्हतं. मी परातेजींकडे गेलो, कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून पुन्हा ओरडलो.

ते खाटेवर बसले. मग म्हणाले, “मंग आता आयकू येऊन तरी काय करू गा?”