सहादेवाचा बिनमाऊसचा वर्ग

"तुमी जित्ते हाय ह्ये दिसतंय मला, कारभारी नाना. आधी बसा तरी."

"मेलेला मानूस बसतो व्हय?"

कारभारी नानांनी नातवाच्या लग्नाची गुलाबी पत्रिका टेबलावर टाकली. निमंत्रकांच्या यादीत पहिलंच नाव त्यांचं, आणि त्याच्या आधी ठसठशीत 'कै.' छापलेलं.

"सातशे घरी वाटून झाल्यात. आष्टीचा मेव्हना वीस वर्सं बोलत नव्हता, त्याचा सकाळी रडत फोन आला."

"मंग बोलला ना."

"कुटला? मीच उचलला, तं घाबरून ठिवून दिला त्यानं." नाना शेवटी स्टुलावर टेकले. "कुनाचं काम ह्ये? ती रामहरीची पोरगी बसती ना हितं?"

"माजं काम," सहादेव म्हणाला. "पोरीचा काय संबंद न्हाई. नव्या छापून देतो, आन घरोघर मीच जातो वाटाया."

"जाशील तवा सांग लोकास्नी, म्हातारा दोन टायमाला भाकरी हानतोय म्हनावं."

नाना धोतराचा सोगा सावरत गेले. सहादेव खोटं बोलला होता, पण निम्मंच.

काष्टीच्या बाजारतळाला लागून त्याचं दुकान. लग्नाच्या, बारशाच्या पत्रिका, सप्ताहाची पत्रकं, दशक्रियेची निवेदनं जुळवायची आणि छपाईला नगरला धाडायची, हा धंदा चोवीस वर्षांचा. आधी तोही सगळ्यांसारखं विकतचं सॉफ्टवेअर वापरायचा. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागं बोटाएवढं एक कुलूप खोचावं लागे. एका उन्हाळ्यात ते कुलूप मेलं. कंपनी म्हणाली, ते जुनं झालं, आता नवं घ्या. नवं घेतलं तर त्यात जुन्या फायली उघडेनात. अकरा वर्षं अक्षर न् अक्षर ज्यानं टाईप केलं, त्यालाच ते वाचता येईना. सहादेवाचं डोकं फिरलं ते तिथं.

मग नगरच्या एका मास्तरांनी त्याला लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली. म्हणाले, वापर, वाट, आतलं उघडून बघ, कोणी विचारायला येणार नाही. त्यातच मजकूर लिहायचा विम नावाचा एडिटर होता. नुसती काळी पाटी, ना चित्र ना बटण. पहिल्या दिवशी त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना, म्हणून गड्यानं सरळ पिन उपटली. दोन पावसाळे एकटाच झगडला. पण एकदा बोटांना वाट सापडली, आणि दीडशे नावांच्या पत्रिकेतली नवऱ्याची बाजू खाली अन् नवरीची वर करायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागेना. सगळा मजकूर साध्या फायलींत, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारा. कुलूप नाही, किल्ली नाही.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यानं दुकानावर पाटी लावली: 'कॉम्प्युटर फुकट शिकवला जाईल. माऊस मिळणार नाही.'

लोकांनी पाटी वाचली आणि आपापला अर्थ काढला. फुकट आहे म्हणजे काहीतरी भानगड आहे. सर्टिफिकेट मिळत नाही म्हणजे शिकून उपयोग नाही. नऊ वर्षांत चौदा पोरं आली. जो सगळ्यात जास्त टिकला तो एकवीस दिवस.

बायको नातू सांभाळायला मुलाकडं चाकणला गेली, त्यालाही पाच वर्षं झाली. मुलगा अमृत फोनवर म्हणे, "आप्पा, बंद करा की त्ये दुकान." सहादेव म्हणे, "बघू." दुकानात दिवसभर माणसांची ये-जा. कांद्यावर, ऊसतोडीवर, पुढाऱ्यांवर बोलायला सारं गाव होतं. पण रात्रंदिवस जे डोक्यात चालायचं, त्यावर एक वाक्य बोलायला पंचक्रोशीत माणूस नव्हता. एखादी नवी युक्ती जमली की तो मान वर करी, आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर असे.

रामहरीची मोनिका जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरायला आली. तिनं त्याला यादी फिरवताना बघितलं.

"काका, परत करा."

त्यानं केलं.

"आता हळू करा."

दुसऱ्या दिवशी ती आली, ती रोजच यायला लागली. त्यानं तिला सांगितलं, "हात कीबोर्डावरून उचलायचा न्हाई. बानाच्या बटनांकडंबी जायचं न्हाई. एच, जे, के, एल, ह्या चार अक्षरांनीच पाटीवर हिंडायचं. बैल शिकवताना आधी सरळ चालवत्यात, तसं." चार महिन्यांत ती सरळ सोडून पळायला लागली. कधी त्यालाच म्हणे, "काका, तुमी तीन बटनं दाबली. दोनात हुतंय." त्या दिवशी सहादेवाला भाकरी गोड लागे.

सहादेवाकडं भावकीच्या याद्या तयार असतात. पुढच्या लग्नाला तीच यादी काढायची, कुणी वारलं असेल तर 'श्री.'च्या जागी 'कै.' करायचं. मागच्या महिन्यात वरच्या मळ्यातले कारभारी वारले. खालच्या वस्तीवरचे कारभारी नाना त्यांचे भावकीतलेच, आडनाव तेच, आणि यादीत बापाचं नाव कुणी घालत नाही. सहादेव म्हणाला, "कारभाऱ्याच्या म्होरं कै. लाव." मोनिकानं एकेक फाईल उघडली नाही. तिनं सगळ्या याद्यांना मिळून एकच हुकूम दिला, कारभारी दिसेल तिथं कै., आणि म्हणाली, "काका, सत्तेचाळीस फायली. एका दमात."

हा हुकूम त्यानं तिला अजून शिकवलाच नव्हता. मदतीची पानं वाचून तिनं स्वतः शोधला होता. सहादेव इतका खूश झाला की यादी बघायची राहिली. त्याच दुपारी नानांच्या नातवाची पत्रिका त्या यादीवरून छपाईला गेली.

पत्रिका गावात फिरली त्या दिवसापासून मोनिका आली नाही. आठ दिवस सहादेवानं वाट बघितली. नाना येऊन गेले तशी त्यानं स्कुटी काढली.

रामहरी रानात होता. मोनिकाची आजी बनुबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेली. "ये. मानसं मारून झाली का?" ती म्हणाली. मोनिका दारात आली, आत गेली, पाणी घेऊन परत आली.

"मी नानांला सांगितलं, चूक माजी म्हनून. हायेच माजी. मी बघाया पायजे हुतं. आन त्यो हुकूम मी मागं घेतला, सगळ्या याद्या हुत्या तशा झाल्या. त्यात काय जातंय?"

"मी श्रीगोंद्याला क्लास लावला, काका. सर्टिफिकेट हाय तिथं."

"माऊस हाय?"

"हाय." ती तांब्याकडं बघत होती. "तिथं एक चुकलं तं एकच चुकतंय."

सहादेव म्हणाला, "व्हय. खरंय."

त्यानं खिशातून पेनड्राईव्ह काढला. "ह्यात समदं हाय. लिनक्स, विम, आन तू केल्याल्या युक्त्यांची वही. कुटल्याबी कॉम्प्युटरला लाव. ह्ये तुजंच हाय, कुनी मागं घ्यायचं न्हाई."

"क्लासमदी बाहेरचं लावू देत न्हाईत."

"घरी लाव."

"घरी कुटंय कॉम्प्युटर?"

बनुबाईनं लसणाचं टरफल फुंकलं. "घी गं. मानूस दारात आलाय."

मोनिकानं घेतला. मुठीत धरला, का टीव्हीवर ठेवला, ते सहादेवानं पाहिलं नाही. कढीपत्ता नेता का, असं बनुबाईनं विचारलं. तो नको म्हणाला.

परत आला तेव्हा दुकानाच्या पायरीवर एक जण तंबाखू मळत बसला होता. बाजार करून आलेला, पिशवीतून मेथी डोकावत होती. सिगारेटच्या पाकिटावर बारशाची नावं लिहून आणलेली.

"कवाचा बसलोय. परवा बारसं हाय."

"मंग परवाच्या आत हुईल."

सहादेवानं कुलूप काढलं, आतल्या तीन कॉम्प्युटरांपैकी एक चालू केला. मोनिका बसायची ती खुर्ची त्यानं गिऱ्हाइकाकडं सरकवली, पाकीट उजेडात धरलं आणि काळी पाटी उघडली.

"ह्ये काय, चित्रं न्हाईत व्हय ह्याच्यात?" गिऱ्हाईक म्हणालं.

"न्हाईत. मामाचं नाव काय लिव्हलंय ह्ये? अजिनाथ का?"

"अजिनाथ."

बोटं चालू लागली.